आक्कांनी ताट सरकवलं की

आक्कांनी ताट सरकवलं की तुषारला फीट यायची. तो लहान होता तेव्हा मला वाटायचं, ही बाईच ओढून आणते की काय. जेवता जेवता त्या त्याच्यापुढचं ताट बाजूला घ्यायच्या, "आली बघ" म्हणायच्या, आणि माझा मुलगा ताठ होऊन कलंडायचा. आई मी, आणि मला कळायचं ते तो कलंडल्यावर.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. त्यांचा नवरा गेल्यावर त्या आमच्याकडेच राहायला आल्या. मी सकाळी मळ्यातली फुलं घेऊन पंचवटीत विकायला बसायचे, तुषारला भरवायच्या त्या. तो त्यांचाच झाला. मी हौसेने शिरा केला तरी पहिला घास आत्याच्या हातचा. "सुनंदे, तुला बाजार हाय ना? जा तू. पोरगं कुठं पळून जात नाय," असं वर मलाच सांगायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तुषार कॉलेजात गेला तरी गोळ्यांनी फीट थांबेनात, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. पण फीट मेंदूत नेमकी कुठून सुरू होते, ते एमआरआयमध्ये दिसेना. म्हणून त्याला ॲडमिट करून गोळ्या कमी केल्या आणि नर्स इंजेक्शन तयार ठेवून शेजारी बसली. फीट सुरू होताच औषध टोचायचं, मग स्कॅनमध्ये ती जागा उजळते. उशीर झाला तर फीट पसरलेली असते, काही कळत नाही. "जरा वेगळं दिसलं की लगेच सांगा," नर्स म्हणाली. शेजारची खुर्ची मी हट्टाने घेतली. आक्कांना नाशिकलाच ठेवलं.

मी सांगितलं तोवर उशीर झाला होता. अर्धा मेंदू उजळलेला. जागा सापडली नाही तर ऑपरेशन करता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आक्कांना फोन मीच केला. किती जिवावर आलं होतं, काय सांगू.

त्या आल्या त्या सरळ माझ्या खुर्चीत बसल्या. मी दाराशी उभी. तुषार नर्सशी क्रिकेटवर बोलत होता. मधेच आक्का म्हणाल्या, "टोच आता." नर्सने टोचलं, त्यानंतर तो ताठ झाला. या वेळी स्कॅनमध्ये एकच जागा उजळली.

"तोंडात घास नसला तरी आवंढा गिळतो तो," आक्का मला म्हणाल्या. "लय सोपं हाय."

सोपं म्हणे. इतकी वर्षं एका चुलीवरचं जेवलो, तेव्हा नाही सांगितलं.

ऑपरेशन झालं. तुषारला पुन्हा फीट आली नाही. आक्का चांदवडला लेकीकडे राहायला गेल्या. मला वाटलं, आता तरी पोरगा माझा. पण कामावरून आला की पहिला फोन आत्यालाच.

गेल्या महिन्यात आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा आक्का गेल्याचा फोन आला. तुषारचा घास हातातच राहिला होता, आणि त्याने आवंढा गिळला. मला दिसला. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर दिसला. मी झटकन त्याचं ताट सरकवलं.

फीट नव्हती ती. तो ओक्साबोक्शी रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि मनात एकच येत होतं, माझ्यासाठी रडेल का हा असा?