वाळूत पुरलेली मासळी

मालवणात दर बुधवारी माझी मानसोपचाराची ओपीडी असते. काही वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी तोंडवलीची एक सासू सुनेचा हात घट्ट धरून आत आली. दोघी मासळी विकणाऱ्या. सून तिशीची, नवरा गोव्याला ट्रॉलरवर कामाला.

"डॉक्टरानू, ही ताजी मासळी वाळूत पुरता," सासू म्हणाली. "चार दिस झाले. पाटीच्या पाटी पुरता."

सुनेचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. मधूनच मान तिरकी करायची, कोणीतरी हाक मारल्यासारखी. सासूला बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ त्रासाचं न विचारता मासळीवर आले.

"काल काय होता पाटयेत?"

"पेडवे."

"मग इकलंस कित्याक नाय?"

"त्यात ईख आसा." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "ते दोघे सांगतत. दिसणत नाय, बोलतत. मी इकलंय तर लोका मरतली ना?"

तिच्या लेखी ती विषारी मासळीपासून लोकांचे जीव वाचवत होती. वेडेपणा म्हणून ज्याला गाव हसत होतं तो तिचा चांगुलपणा होता, फक्त आजाराने उलट्या दिशेला नेलेला. हे मला तेव्हा लख्ख दिसलं, आणि पुढच्या प्रश्नाला माझा आवाज आपोआप हळू झाला.

"ते तुका आणि काय करूक सांगतत?"

तिने दाराबाहेर बसलेल्या सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, "दर्यात जा म्हणतत. एकदा गेल्लंय. कमरेइतक्या पाण्यात. आयेन हाक मारल्यान, तशी फिरलंय."

सासूला आत बोलावलं. हा मेंदूचा आजार आहे, औषधाने बरं वाटतं, पण काही दिवस वॉर्डात ठेवावं लागेल, असं समजावलं. तापाने, थायरॉइडने किंवा नशेने असं होत नाहीये ना, हे तपासायला रक्त काढलं. तेवढ्यात त्यांच्याबरोबर आलेला, इतका वेळ बाहेर थांबलेला दीर आत येऊन म्हणाला, आधी देवळात कौल लावू. सासू त्याच्याकडे वळली. "कौल लावूक मी जातंय. तोवर ही हयसर गोळी घेत रवतली." मी म्हटलं, कौल जरूर लावा, गोळी तेवढी चुकवू नका.

दोन आठवडे सासू वॉर्डात तिच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपली. आवाज आधी लांब गेले, मग पुटपुटल्यासारखे झाले, मग थांबले. सून घरी गेली. दर बुधवारी मी विचारायची, आवाज येतात का, झोप लागते का. ती 'नाय', 'हो' म्हणायची आणि मी खूश व्हायची.

तिसऱ्या महिन्यात ती एकटीच आली. एसटीने, सकाळच्या पहिल्या गाडीने. दारातच म्हणाली, "डॉक्टरानू, ते परत इले."

"गोळी?"

"सोडलंय." तिने दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. बोटं ताठ, किंचित थरथरत होती. "ह्या हातांनी सुरमई कापूक जमणा नाय. बाजारात बायका हसतत. तुमी हातांचा कधी इचारलासच नाय."

खरं होतं. गोळीने अंग आखडतं हे मला पुस्तकातून पाठ होतं. समोरची बाई विळीवर पोट भरते हे मात्र मी विसरले होते. तिची माफी मागितली. औषध बदललं, हळूहळू वाढवलं, आणि त्यानंतर प्रत्येक भेटीत आधी हात बघितले. पण मला अजून अभिमान वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आवाज परत आले तेव्हा तिने मासळी पुरली नाही, पाण्यात गेली नाही. हा आजार आहे हे ओळखून ती गाडीत बसली. इतक्या वर्षांत असे पेशंट मी फार थोडे पाहिलेत.

वर्षभराने तिच्या गावात आरोग्य शिबिर होतं. मी मानसिक आजारांवर बोलले, लोकांनी मान डोलावली, कोणी काही विचारलं नाही. तेव्हा ती बायकांतून उठली. मी तिला सुचवलं नव्हतं. सासू पदर ओढून तिला बसवेल असं वाटलं, तर तीसुद्धा तिच्याबरोबर उभी राहिली.

"माका आवाज येयत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बाजारातल्या आवाजात म्हणाली. "माका आजार झालो होतो. गोळी घेतंय, धंदो करतंय. कोणाच्या घरात असा कोण आसात तर कोंडून ठेवू नका."

माझं भाषण त्यापुढे काहीच नव्हतं. मी उगाच कागद आवरत राहिले.

पुढच्या बुधवारी त्याच गावातला एक म्हातारा धाकट्या भावाला रिक्षातून घेऊन आला. भाऊ कित्येक वर्षं मागच्या खोलीत होता. उजेडाने त्याचे डोळे मिटत होते. मी खुर्ची खिडकीपासून बाजूला घेतली आणि त्याला बसवलं.