चिप मागच्या बाजूला

माझ्या मावशीने बावीस वर्षं बोर्ड उलटेच पाहिले. कारखान्यात ती ज्या बाकावर बसायची, तिथे टीव्हीचे हिरवे बोर्ड पट्ट्यावरून पालथे होऊन यायचे. सुलट्या बाजूला काय बसवलंय, हे पलीकडच्या बायकांचं काम. हिच्यासमोर फक्त त्या भागांचे पाय यायचे, बारीक, चकचकीत, एका ओळीत. प्रत्येक पायाशी सोल्डरचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा, एक टिपका ठेवायचा आणि बोर्ड पुढे ढकलायचा. एखादी चिप वरून दाखवून ही कोणती म्हणून विचारलं, तर मावशी घुटमळायची. पायांच्या बाजूने दाखवली, तर चटकन सांगायची.

बाकांवर नावं नव्हती, नंबर होते. मावशीचा चौदा. चांगल्या निघालेल्या बोर्डावर कुणाचंच काही लिहीत नसत. बिघडलेल्यावर मात्र लाल चिठ्ठी लागायची आणि तिच्यावर नंबर. कारखान्यात सोल्डरिंगची यंत्रं यायची होती, त्याच्या आदल्या महिन्यात एक अख्खी खेप बिघडली आणि सगळ्या लाल चिठ्ठ्यांवर चौदा आला. खोट सोल्डरच्या तारेतच होती असं पुढे निघालं म्हणे. पण तोवर मावशी घरी बसली होती आणि त्या खेपेबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, असं न ठरवताच ठरलं होतं.

सहा वर्षांनी, एका रविवारी, मी वाचनालयात पुस्तकं परत करायला निघाले, तेव्हा ती सहज माझ्याबरोबर आली. जिन्यापाशी ती थांबली आणि तिने नाक वर केलं.

"वर कुणीतरी सोल्डरिंग करतंय," ती म्हणाली. "आणि इस्त्री नीट तापलेली नाहीये."

सोल्डरिंग आयर्नला, म्हणजे टिपका ठेवायच्या त्या तापत्या लोखंडाला, ती इस्त्रीच म्हणते. आम्ही वर गेलो. लांबलचक टेबल, त्यावर जळल्याचे काळे ठिपके, खिडकीशी एक पंखा धूर बाहेर ढकलतोय, आणि दहाबारा माणसं माना खाली घालून बसलेली. एक गृहस्थ खरोखरच गार लोखंडाने सोल्डर चोळत होते. मावशीने त्यांच्या हातातून ते काढून घेतलं, टोक पुसलं, उष्णतेची कळ फिरवली आणि म्हणाली, "आता लावा. आणि घासू नका हो, ते काय भांडं आहे?"

ते गृहस्थ शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे आणि हे रविवारचं मंडळ त्यांनीच सुरू केलं होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी तिला चहा दिला आणि मंडळाची रीत सांगितली. इथे जे काही बनतं, त्याचा नकाशा सगळ्यांसाठी मोकळा असतो. जगात कुणीही तो उतरवून घ्यावा, बनवावा, बदलावा. याला ओपन सोर्स हार्डवेअर म्हणतात.

"म्हणजे चोरा म्हणून सांगता?" मावशी म्हणाली.

"चोरा नाही, न्या म्हणतो. फक्त सुधारणा केलीत तर आम्हालाही दाखवा."

आणखी एक रीत होती. दाराशेजारच्या भिंतीवर बिघडलेले बोर्ड खिळ्यांनी ठोकलेले होते आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी होती: काय चुकलं, कसं सापडलं, कुणाकडून. ज्याची चूक, त्यानेच लिहायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाचा त्याच खड्ड्यात पाय जाणार नाही. मावशी पुढे दर रविवारी येऊ लागली, पण त्या भिंतीकडे पाठ करून बसायची.

तिला बनवायचं काय होतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, तीस वर्षं पत्रा दाबायच्या यंत्राशेजारी उभे राहिले आणि कान तिथेच ठेवून घरी आले. मावशी बाहेर गेली की ते खुर्ची दारासमोर मांडून बसायचे. दारावरची थाप ऐकू यायची नाही, म्हणून दाराकडे बघत राहायचं. वर्तमानपत्र हातात असायचं, पण एक ओळ वाचायची की डोळे वर. मावशीला एक साधी गोष्ट हवी होती. दाराला आतून एक नाण्याएवढी चकती चिकटवायची, थाप पडली की ती थरथरते, आणि तेवढ्या इशाऱ्यावर, तारेने तिला जोडलेल्या बोर्डावरचा दिवा दहा सेकंद लागून राहतो.

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ती संगणकावर बोर्डाचा नकाशा काढायला शिकली. आठ महिने लागले. माउसचा बाण हातातून निसटायचा तेव्हा ती त्याला ज्या शिव्या द्यायची, त्या मला तोवर माहीत नव्हत्या. आधी सगळं सुट्या तारांनी जोडून चालवून पाहिलं. दिवा लागला. मग मास्तरांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्याची कार्यशाळा मावशी घेणार. चाळीस जणांनी नावं दिली, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या घरी कमी ऐकू येणारं कुणीतरी होतं. माझ्याकडे माहितीपुस्तिका लिहायचं काम आलं.

चाळीस बोर्ड, वर चाचणीसाठी तीन, छापून आले गुरुवारी. शुक्रवारी सकाळी मावशी, मास्तर, दातांच्या डॉक्टर आणि मी वरच्या खोलीत जमलो. या डॉक्टर निवृत्त झाल्यापासून मंडळात येत, आणि दात बघायचा लांब दांडीचा छोटा आरसा अजून त्यांच्या पर्समध्ये असे. तोंडात काय, यंत्रात काय, कोपरे सारखेच, असं त्या म्हणत.

मावशीने पहिला बोर्ड जोडला. पंधरा मिनिटांत, एकही टिपका न सांडता, आणि चकती टेबलाला चिकटवली. मास्तरांनी बॅटरी लावली. मावशीने टेबलावर थाप मारली.

काहीच नाही.

तिने चिपवर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. "चटका बसतोय."

दुसरा बोर्ड. तेच. तिसरा करायला ती तयार होईना. मास्तर नकाशा उघडून एकेक तार तपासत बसले. तारा सगळ्या बरोबर होत्या. त्यांनी त्या आधीही तपासल्या होत्या. बाकी भागांच्या आकृत्या संगणकात तयार मिळाल्या होत्या; चिपची तेवढी मावशीने स्वतः काढलेली होती, आणि बावीस वर्षं चिप हाताळलेल्या बाईची आकृती कोण तपासणार?

डॉक्टरांनी सवयीने आरसा काढला होता आणि त्यातून बोर्डाकडे बघत होत्या. मधेच त्या थबकल्या. चिपच्या माहितीचा कागद त्यांनी शेजारी ठेवला, आरसा किंचित तिरका केला.

"अहो, हे आरशात बरोबर दिसतंय," त्या म्हणाल्या. "आरशाबाहेर नाही."

मग मलाही दिसलं. चिपला आठ पाय, दोन्हीकडे चार-चार. मावशीने ते डावे-उजवे उलट काढले होते. पहिल्याच्या जागी आठवा, आठव्याच्या जागी पहिला. वीज जिथून शिरायची तिथूनच बाहेर पडत होती. तिने चिप काढली होती ती पायांच्या बाजूने, कारण चिपची तिला माहीत असलेली बाजू तीच होती.

मावशीने लोखंड स्टँडमध्ये ठेवलं, टोक पुसून, नीट. मग खुर्चीत बसली.

"चाळीसच्या चाळीस," ती म्हणाली. "माझीच खेप."

एवढंच. पण मला कळलं की ती या खोलीत नाहीये. समोर चाळीस हिरवे बोर्ड होते आणि तिला त्यांच्यावर लाल चिठ्ठ्या दिसत होत्या.

"पुढे ढकलू या," मास्तर म्हणाले. "नवे बोर्ड यायला तीन आठवडे लागतील. लोक समजून घेतील."

"ढकला. पण मग दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगा. मी परत या जिन्यावर पाय ठेवणार नाही."

"मावशी, असं काय करतेस!" मी म्हणाले.

"तू गप्प बस. पुस्तिका छान लिहिलीस. जपून ठेव."

ती उठली आणि बोर्ड परत खोक्यात भरू लागली. भरता भरता हातातला एक बोर्ड तिने सवयीने पालथा केला, जसा पट्ट्यावरून यायचा तसा. आणि तिथेच थांबली. बोर्ड डोळ्यांजवळ नेला. दुसऱ्या हाताने टेबलावरची एक चिप उचलली, सुलटीच धरली, आणि बोर्डाच्या मागच्या अंगाला अलगद टेकवली. आठही पाय भोकांतून पलीकडे निघाले.

"डॉक्टर, कागद धरा बरं. मागून बघायचं म्हटलं तर पहिला पाय कुठे येतो?"

डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवलं. मग बोर्डावर. "जिथे यायला हवा तिथेच."

"बोर्ड मी उलटाच धरत आले," मावशी म्हणाली. "मग चिपनेही मागूनच यावं."

यंत्राचे बाकी सगळे भाग पुढून, चिप मागून. तिने पाय पुढच्या बाजूने सोल्डर केले. मास्तरांनी बॅटरी लावली. चिपला बोट लावून पाहिलं: गार. मावशीने टेबलावर थाप मारली आणि दिवा असा लागला की डॉक्टरांनी डोळे बारीक केले.

मास्तर हसायला लागले. "संपलं की! पुस्तिकेतलं चौथ्या पानावरचं चित्र बदला. चिप मागे बसवायची, असंच डिझाइन आहे म्हणून सांगू. कुणाला काही कळणारसुद्धा नाही."

मावशीने बॅटरी काढली. मला वाटलं ती हो म्हणेल. मी असते तर म्हटलं असतं.

"रविवारी बघू," ती म्हणाली.

रविवारी चाळीस जण आले. काकांनाही तिने आणलं होतं. ते पहिल्या टेबलाशी, इस्त्री केलेला सदरा घालून, कुठल्यातरी मुलाखतीला आल्यासारखे बसले होते. मावशी उभी राहिली. हातात शुक्रवारचा पहिला बोर्ड होता, चटका देणारा. तिने आवाज चढवला, काकांशी बोलताना चढवते तसा, त्यामुळे मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

"हे बघा. हा बोर्ड मी काढला आणि चुकीचा काढला. चिप उलटी काढली. तुमच्यासमोर आहेत ते सगळे तसलेच आहेत. तरी ते चालणार आहेत, कसे ते सांगते. पण आधी चूक सांगते, म्हणजे तुम्ही घरी काढाल तेव्हा तुमची होणार नाही."

कुणीतरी विचारलं, "मग तुम्हीच शिकवणार का?"

"मीच. दुसऱ्या कुणाला ही चूक माझ्याइतकी माहीत नाही."

खोलीत हशा पिकला आणि लोकांचे खांदे सैल झाले. मग तीन तास कुणी मान वर केली नाही. मावशी टेबलामागून टेबल फिरत होती. "धूर तोंडावर घेऊ नका, बाजूला बसा." "एवढं सोल्डर? लग्नात वाढताय का?" "शाब्बास, हा टिपका बघा सगळ्यांनी, असा यायला पाहिजे, तापल्याबरोबर पसरणारा." डॉक्टर आरसा घेऊन तिच्यामागून चालत होत्या आणि ज्याचा सांधा कच्चा, त्याला सांगत होत्या, "कीड आहे. कोरून परत भरा."

सगळ्यांचं झाल्यावर मावशीने चकत्या टेबलांना चिकटवायला सांगितल्या आणि टेबलं एकमेकांना जोडली. चाळीस चकत्या, एकच लांब लाकूड. मग काकांना हाताने खूण केली.

काकांना नेमकं काय करायचंय ते कळलं नव्हतं. त्यांनी लाजत, हलकेच, एखाद्याच्या दारावर मारावी तशी थाप मारली.

त्यांच्या बाजूचे दिवे लागले. पलीकडच्या टोकाचे नाही लागले.

"जोरात!" मावशी ओरडली. त्यांना ऐकू गेलं नसेल, पण तिचं तोंड त्यांना पाठ होतं. त्यांनी मूठ आवळली आणि यंत्रावर तीस वर्षं काढलेल्या हाताने टेबलावर अशी मारली की कपबशा उडाल्या.

पूर्ण टेबल उजळलं. अडतीस दिवे, मी मोजले. राहिलेले दोन डॉक्टरांनी लगेच उघडले आणि पाच मिनिटांत तेही लागले. लोक खुळ्यासारखे टेबल बडवत होते. एक बाई दिवा हातात धरून रडत होती आणि रडता रडता शेजारणीला सांगत होती की हा माझ्या सासऱ्यांच्या खोलीत लावणार. काका परत परत मूठ आपटत होते, दरवेळी मावशीकडे बघत. ती कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"पुरे हो," ती म्हणाली. "टेबल वाचनालयाचं आहे."

लोक गेल्यावर तिने एक खिळा मागितला. चटका देणारा बोर्ड तिने भिंतीवर ठोकला आणि माझ्याकडून चिठ्ठीला कागद घेतला. तोही लालच निघाला. मास्तरांकडे दुसरा नव्हता. तिने क्षणभर त्या कागदाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं: चिप पायांकडून काढली. आरशात सापडली. मागून बसवली. चौदा नंबर.

आता काकांची खुर्ची खिडकीकडे वळली आहे, आणि दिवा खिडकीच्या चौकटीवर बसवलाय. दाराकडे पाठ करून ते पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आणि मी थाप मारली की आतून लगेच "आलो, आलो" ऐकू येतं.

बोर्डाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मास्तरांनी विचारलं, आकृती सुधारायची ना? मावशी म्हणाली, आकृती सुधारा, पण चिप मागेच राहू द्या. पुढे चिप नसली की झाकण सपाट बसतं, दिसतंही बरं. कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव छापायची मंडळाची पद्धत आहे. तिथे तिने पांढऱ्या अक्षरात "१४" घालायला लावलं, प्रत्येक बोर्डावर.

गेल्या महिन्यात एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. त्याने नकाशा उतरवून घेऊन आपल्या गावात अकरा दिवे बनवले होते. चिप मागे बसवायची युक्ती झकास आहे, असं त्याने लिहिलं होतं, आणि शेवटी विचारलं होतं की हे चौदा म्हणजे काय, आवृत्ती की तारीख?

मी टाइप करायला बसले आणि मावशीला विचारलं, काय लिहू? ती दुसऱ्याच कुणाचा तरी बोर्ड पालथा करून तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही, बनवणाऱ्या बाईचा नंबर आहे. आणि अकराच्या अकरा लागले का, ते विचार."