दाताखाली आलेला छर्रा
काळ्या मसाल्याचा रस्सा उकळल्याचा वास आला की मला शिंदखेड्याकडच्या तापीकाठची ती दिवाळीनंतरची सकाळ आठवते. आम्ही चार शिक्षक पक्षी बघायला गेलो होतो. दाखवायला काठच्याच गावातले एक नाना होते, पक्षीमित्र म्हणून तालुक्यात नावाजलेले. बंधाऱ्याच्या फुगवट्यात, उथळ पाण्यात नारिंगी चक्रवाकांची जोडपी चरत होती. "हिमालय ओलांडून आलेत, आपले पाहुणे आहेत," असं म्हणत नानांनी दुर्बीण माझ्या हातात दिली, आणि मला खरंच भरून आलं. दुपारी त्यांच्याच मळ्यात जेवण होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि तेलाचा तवंग आलेला रस्सा. तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी कडक आलं. थुंकून पाहिलं तर बंदुकीचा छर्रा होता. हात धुवायच्या निमित्तानं मी चुलीमागे गेलो. तिथल्या टोपलीत रक्तानं चिकटलेली नारिंगी पिसं पडली होती आणि त्यांवर माश्या घोंगावत होत्या. परत येऊन मी विचारलं, "नाना, हे मटण कशाचं?" ते हसले. "खा ना भाऊ, ताजं शे. इतलामा दोन गयात ते काय बिघडस?" एवढ्यांतले दोन गेले तर काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे तिघे जेवत राहिले, एकानं तर आणखी रस्सा मागून घेतला. मी उठून निघून जायला हवं होतं. पण यजमानाचं मन मोडू नये म्हणून खाली बसलो आणि ताट चाटूनपुसून संपवलं. पुढे शाळेत त्यांचा सत्कार झाला, तेव्हा हारही मीच घातला. आज त्यांच्यापेक्षा जास्त किळस मला माझीच येते.