गडग्यापलीकडचं घर

नव्या गाडीरस्त्याची आखणी करायला मी कोकणात पावसजवळच्या एका गावात गेलो होतो. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्याला खोतांचं घर विचारलं. घर समोरच्या दगड रचलेल्या गडग्यापलीकडे दिसतच होतं, पण म्हातारा "चला, दाखवतो" म्हणाला आणि थेट उलट्या दिशेला चालू लागला. आम्ही व्हाळाच्या पाण्यात उतरलो, देवळाला वळसा घातला, दोन पाखाड्यांच्या दगडी पायऱ्या चढलो. प्रत्येक गडग्याला काठी टेकवून तो कुणाचा ते म्हातारा सांगत होता. तासाभराने आम्ही त्याच गडग्याच्या पलीकडे पोचलो.

"अहो, सरळ का नाही आलो?" मी धापा टाकत विचारलं.

"मधली वाट चुलत्यांची. आमच्यात बोलणं नाय."

"भांडण कशावरून?"

"ते आजोबांना ठाऊक होतं," तो शांतपणे म्हणाला. "आम्ही नुसतं पाळतो."

नकाशात त्या जागी मी रस्त्याला भलंमोठं वळण दिलं. साहेबांनी चष्मा वर केला. "इथे काय डोंगर आहे?"

"नाही साहेब, भावकी आहे."

साहेब कोकणातलेच. सही करत म्हणाले, "मग वळणच बरं. डोंगर असता तर सुरुंग लावला असता."