आखाजीचं ताट

शिरपूरजवळच्या एका गावात पुनम नववीत शिकते. लहानपणीच तिला टाइप वन डायबेटिस झाला. सकाळी बोट टोचून साखर बघायची, जेवणाआधी स्वतःच्या हातानं इन्सुलिन घ्यायचं, आज मांडीत तर उद्या पोटात, हे आता तिच्या अंगवळणी पडलंय. शेजारच्या बायका हळहळल्या की मात्र तिचं डोकं फिरतं. किती खाणार त्यावर डोस ठरतो, आणि डोस घेतल्यावर जेवण लांबवायचं नसतं. हे तिला बापानं शिकवलं. तो गेल्या पावसाळ्यात वारला.

यंदाच्या आखाजीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, त्याच्या नावाची पाण्याची पहिली घागर भरली. आमच्याकडे त्या दिवशी आगारी टाकल्याशिवाय, म्हणजे पेटत्या गोवरीवर पितरांचा घास ठेवल्याशिवाय, घरात कुणी जेवत नाही. पुनमला धूर दिसला. आता पानं मांडणारच, असं समजून ती आत गेली आणि आमरस-पुरणपोळीच्या हिशेबानं दणकून डोस घेऊन आली. पण गोवरी नुसतीच पेटवून ठेवली होती. जळगावचे काका आल्यावरच आगारी टाकायची, असं तिच्या आजोबांनी, नानांनी ठरवलं होतं. काकांची बस अजून चोपड्यातच होती.

एरवी पुनमनं सरळ मूठभर साखर तोंडात टाकली असती. पण आज बापाच्या आधी खायचं तिच्या जिवावर आलं. पोरगी हुशार, तितकीच हट्टी. गप्प बसून राहिली. हळूहळू हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. तेव्हा ती घाबरली.

“नाना, मी सुई लिधी,” ती म्हणाली. “माले आतेच खावानं शे.”

नानांनी घागरीपुढचं नैवेद्याचं ताट उचललं आणि रसाची वाटी तिच्या तोंडाला लावली. मग ते ताटच तिच्यापुढं ठेवलं. तिच्या हातांची थरथर थांबेपर्यंत नाना तिथून हलले नाहीत.

काका आले, तशी पुनमची आई नैवेद्याचं नवं ताट वाढायला उठली. नानांनी तिला थांबवलं. पुनमच्या ताटात अर्धी पोळी उरली होती. तिचा तुकडा मोडून ते गोवरीकडे वळले. ते उष्टं आहे, असं आई चाचरत म्हणाली.

“पोरनं उष्टंच त्याले गोड लागे,” नाना म्हणाले, आणि तो तुकडा त्यांनी गोवरीवर ठेवला.