मामांची मूळ संख्या

माझ्या एकोडीच्या मामांइतका आकड्यांवर जीव टाकणारा माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. माणसाचं नाव ते विसरतात, त्याच्या गाडीचा नंबर विसरत नाहीत. समोरून ट्रॅक्टर आला की बाजूला व्हायच्या आधी त्याच्या नंबरला कशाने भाग जातो ते पाहतात. यापायी एकदा धानाच्या बांधीत पडले आणि चिखलातूनच ओरडले, "जाते! तेरानं जाते!" माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा सगळ्यांनी तिचं शिक्षण विचारलं, मामांनी मोबाइल नंबर. पोहे संपायच्या आत त्यांनी निकाल दिला, "नवानं भाग जाते. करून टाका." लग्न झालं आणि अजून टिकून आहे.

पण त्यांचं खरं वेड मूळ संख्यांचं. एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानेच भाग जात नाही, अशा संख्यांचं. चार वर्षांपूर्वी त्यांनी १,१०,६२,७८७ ही संख्या मूळच आहे असं मनाशी धरलं आणि वहीत तिला एकेका मूळ संख्येने भागत सुटले. मी कॅल्क्युलेटर आणून दिला तर उखडले, "माह्या वाटचं जेवन तू जेवशीन का?" या हिवाळ्यात काम संपलं. भाग कशानेच गेला नाही. गावच्या मास्तरांनी त्यांना शाळेत बोलायला बोलावलं आणि मामांनी ठेवणीतलं धोतर बाहेर काढलं.

आदल्या दुपारी मी कौतुकाने ती संख्या मोबाइलमध्ये टाकली. उत्तर आलं, २२१३ गुणिले ४९९९. म्हणजे ती मूळ नव्हतीच. वही उघडली तेव्हा उलगडा झाला. मामा तरुणपणी खळ्यावर धान मोजायचे, आणि आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. त्याच सवयीने त्यांनी प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीवर नुसतं 'लाभ' लिहिलं होतं, आणि त्या ओळीच्या संख्येने भागायचं राहूनच गेलं होतं. २२१३ अशीच एका पानाच्या माथ्यावर सुटली होती, आणि वर्गमूळापुढच्या संख्यांनी भागायची गरज नसते म्हणून मामा ४९९९ पर्यंत गेलेच नव्हते.

जड मनाने सांगितलं. मामांनी वही मिटून पिशवीत घातली.

"उद्या नका जाऊ," मी म्हणालो.

"काहून? चुकलो म्हनून? पोरायले तेच तं सांगाचं हाय."

आणि गेले. फळ्यावर संख्या मांडली, 'लाभा'ची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "मी चार वर्सं चुकलो. आता तुमी भागा, बावीसशे तेरानं." बाकी शून्य आली तेव्हा वर्गात जो ओरडा झाला त्यात मामांचा आवाज सगळ्यात मोठा होता. मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

परतताना त्यांनी नवी संख्या सांगितली, अकरा कोटींच्या घरातली. "दहा वर्सं लागतीन," म्हणाले. मामांना अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. ती संख्या मोबाइलमध्ये टाकली तर क्षणात उत्तर येईल. अजून टाकलेली नाही. ती मूळ निघो वा न निघो, मामांना पुरी दहा वर्षं लागोत.