खुनी कोण, ते मामाला कळलं

आमच्या मामाचं सलून आहे आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. या खुर्चीतल्याचं लग्न ठरलं, की त्या खुर्चीतल्याच्या गालावरचा साबण वाळायच्या आत बातमी गल्लीभर होते. लोक त्याला दवंडी म्हणतात. वर त्याला ते आवडतं!

मामीला मात्र खुनाच्या मालिकांचं वेड. दिवसभर ती पाळणाघरात, हा सलूनमध्ये. संध्याकाळी सोफ्यावर शेजारी शेजारी बसून एक भाग बघायचा, तेवढाच वेळ दोघांचा. मागच्या दोन्ही मालिकांचा खुनी मामानं आधीच सांगून टाकला होता. यंदा जगानं डोक्यावर घेतलेली ती नवी मालिका आली. कुणी हसत नाही, सारखा पाऊस, आणि काळोख इतका की प्रेत सापडलं तरी आपण टीव्ही पुसत बसतो. नेमकं तेव्हाच मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी टीव्ही बंद केला.

"मी बरी होईपर्यंत थांबायचं," मामीनं बजावलं. "आणि या खेपेला फोडलंत, तर यापुढे मी आतल्या खोलीत एकटी बघेन. मोबाइलवर."

मामा खरंच घाबरला. कुणी मालिकेचं नाव काढलं की गळ्यावरचा वस्तरा थांबवून म्हणायचा, "पुढे बोलू नका, माझा हात हलतो." गिऱ्हाइकं चिडीचूप. पण एका गिऱ्हाइकाच्या तोंडावर गरम टॉवेल होता. त्याला वाटलं, शेजारी आपला मित्रच बसलाय. टॉवेलच्या आतून तो म्हणाला, "पोलिसांना चहा देणारी ती प्रेमळ शेजारीण खुनी निघाली, मी तर उडालोच!" मामानं टॉवेल दाबला, पण उशीर झाला होता.

मग मामी बरी झाली आणि मालिका सुरू झाली. मीही रोज जाऊन बसायचे. मामाची अळीमिळी गुपचिळी. पण शेजारीण चहाचा ट्रे घेऊन आली रे आली, की हा पाणी प्यायला स्वयंपाकघरात पळायचा. मला त्याची दया येत होती. मामी काळ्या चष्म्याआडून शांतपणे म्हणायची, "मला तर बाई त्या नवऱ्याचाच संशय येतो." मामा जोरजोरात मान डोलवायचा.

शेवटचा भाग आला. पोलीस जिना चढून गेला, त्यानं दाराची कडी धरली. "अगं बाई, ही?" मामी किंचाळली. "अरे बापरे, शेजारीण?" मामानं कपाळावर हात मारला.

दार अजून उघडलंच नव्हतं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "तुला कधी कळलं?" मामानं हळूच विचारलं.

"तुम्ही दुसऱ्यांदा पाण्याला पळालात तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"जन्मात पहिल्यांदा काहीतरी पोटात ठेवलं होतंत, तेही माझ्यासाठी," मामी म्हणाली. "रोज तेच तर बघत होते मी."

मामाचे डोळे भरून आले. माझेही, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, मामानं गुपित कसं ठेवलं, हे गल्लीभर झालं होतं.